अलीकडची टाकी

टिंबताईचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं. बाकी सगळ्या गावाची ती टिंबताई. गावातल्या एकुलत्या एका दैनिकात ती प्रुफं वाचायची आणि गळलेला अनुस्वार तिला डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा सलायचा. चौकातल्या डेअरीच्या पाटीवर ‘शुध्द दुध’ असं रंगवलेलं होतं. ती दर दोन-चार दिवसांनी आत जाऊन सांगायची, की शुद्ध हा शब्दच अशुद्ध लिहिलाय. शेवटी डेअरीवाला हात जोडून म्हणाला, “ताई, दुधात पाणी घालतो असं म्हणा एक वेळ, पण ते ऱ्हस्व-दीर्घाचं काढू नका.”

स्वभाव मुळातच काळजीचा. घराला कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, की परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. तिचा नवरा बसडेपोत मिस्त्री होता, नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा. तो तिथेच उभा राहून वाट बघायचा. “मी बघितलं, तू बघितलंस,” तो म्हणायचा. “आता कुलपालाच विचारायचं राहिलं.” तिला हसू यायचं, पण दुसऱ्या दिवशी ती परत यायचीच. मुलगी लहान असताना ती झोपली की टिंबताई तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, तरी बोट तसंच. फक्त नाक बदललं.

कामावर मात्र हाच स्वभाव उपयोगी पडला. घरी काळजी केली तर लोक हसतात, इथे काळजी केली तर पगार मिळतो, असं ती म्हणायची. तिचे वडील याच पेपरात छपाईचे खिळे जुळवायचे. शाळा सुटली की ती छापखान्यात येऊन त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची आणि उलटी अक्षरं सुलटी वाचायची. वडील गेल्यावर मालकांनी तिला बोलावून घेतलं, तेव्हापासून ती खिडकीशेजारच्या त्या टेबलापाशी बसली ती बसलीच.

पेपर निघाला तेव्हा नदीवर पूल नव्हता. आताच्या मालकांच्या आजोबांनी एका कागदावर सुरुवात केली होती. धान्याचा भाव, नदीतल्या नावांच्या वेळा, कुणाचं काय हरवलं आणि पलीकडे कोण वारलं. शेवटची नाव साडेचारला सुटायची, म्हणून अंक चारला निघायचा. म्हणजे तो त्याच दिवशी नदी ओलांडायचा. पुढे पूल झाला, नावा गेल्या, पण अंक चारलाच निघत राहिला. लोक त्याला चारचा पेपर म्हणत. नदीच्या पल्याड गिरणी आली, गिरणीमागून कामगारांची घरं आली, पाणीपुरवठ्याचं कार्यालय आलं. मोठ्या शहरातली वर्तमानपत्रंही सकाळी यायला लागली. तरी गावात एखाद्या गोष्टीवर वाद झाला की कुणीतरी विचारायचंच, “चारच्या पेपरात आलंय का?” आलं असेल तर वाद मिटला. छापून आलं ती काळ्या दगडावरची रेघ. एकदा म्हाताऱ्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाची तारीख चुकीची छापली गेली, तर बँकेच्या दारात माणसं त्या चुकीच्या तारखेला येऊन उभी राहिली आणि बँकवाल्यांशीच भांडली. तेव्हा गावाला हसू आलं होतं. टिंबताईला आलं नव्हतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी पान लागायला आलं होतं. पाणीपुरवठ्याचा शिपाई घाईघाईत एक कागद ठेवून गेला. दर महिन्याला असं काहीतरी यायचंच. पाणी उशिरा येईल, कमी दाबाने येईल. मजकूर एवढाच होता, की नदीच्या अलिकडच्या टाकीची औषध टाकून साफसफाई होणार असल्याने त्या टाकीवरच्या नागरीकांनी उद्या सकाळी येणारं पहिलं पाणी पिण्यास अथवा स्वयपाकास वापरू नये.

टिंबताईने ‘नागरीकांनी’ची वेलांटी पहिली केली. ‘स्वयपाका’वर टिंब दिलं. आणि ‘अलिकडच्या’तली पहिली वेलांटी खोडून दुसरी केली. कागद पुढे सरकवला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, हरवले-सापडलेच्या खाली सूचना बसली.

संध्याकाळी ती बस पकडून पलीकडे मुलीकडे गेली. गिरणीच्या मागच्या रांगेतलं दोन खोल्यांचं घर होतं. जावई गिरणीच्या भांडारात होता, तो नुकताच आला होता. मुलगी ओट्याशी बाळाची बाटली उकळत होती. बाळ टिंबताईच्या मांडीवर होतं आणि तिचं बोट सवयीने त्याच्या नाकाशी होतं.

“आई, घरी गेल्यावर आधी पाणी भरून ठेव हं,” मुलगी म्हणाली. “उद्या तुमच्याकडचं पाणी प्यायचं नाहीये.”

“मला सांगतेस? मीच वाचलंय ते.”

“मग आज हिच्याकडूनच कळशी भरून न्या, आई,” जावई म्हणाला. “आमचं चांगलं आहे. आमच्या टाकीला काही तरी रंगबिंग देतायत बहुतेक. दुपारपासून खाली पिंपं उतरवतायत.”

“कसली पिंपं?”

“निळी. झाकणाची. आणि नाकाला फडकी बांधलेली माणसं.”

टिंबताईने बाळ मुलीकडे दिलं आणि कोनाड्यातला पेपर घेतला. खालचा कोपरा काढला. नदीच्या अलीकडच्या टाकीची. दुपारी टेबलाशी बसून वाचलं तेव्हा अलीकडे म्हणजे तिची बाजू होती, छापखान्याची, चौकाची, डेपोची. आता ती पुलाच्या या टोकाला बसली होती आणि तोच शब्द ती बसली होती त्याच खोलीकडे बोट दाखवत होता.

“हे पाणीवाले बसतात कुठे?” तिने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

जावयाने खिडकीकडे हात केला. “हे काय, इथेच. टाकीशेजारी.”

ज्याने कागद लिहिला तो इथे बसून लिहीत होता. त्याच्या खिडकीतून हीच टाकी अलीकडची. तिने ती वेलांटी दुरुस्त केली होती. शब्द इतका जवळून बघितला होता, की त्यातून पलीकडचं काही दिसलंच नाही.

“बाटलीत कसलं पाणी घातलंस?” ती म्हणाली.

“आजचंच. सकाळचं.”

“ते राहू दे. उद्याचं घालू नकोस. मी सांगेपर्यंत नळाला हात लावू नकोस. जे भरलंय ते झाकून ठेव.” चपला घालता घालता तिने हे पुन्हा एकदा सांगितलं आणि दारातून परत वळून तिसऱ्यांदा. जावई तिच्यामागोमाग निघाला.

पाणीपुरवठ्याच्या फाटकावर कुलूप होतं. आत टाकीवर दिवा लटकवलेला, वर माणसांच्या सावल्या हलत होत्या. राखणदार खुर्चीवर बसून पाय चोळत होता.

“दादा, कोणती टाकी धुतायत?”

“दिसत नाही का? हीच.”

“आणि गावातली? पुलापलीकडची?”

“ती मागच्या वर्षी धुतली. आता पुढच्या वर्षी. साहेबांनी पेपरात दिलंय सगळं.” त्याने वर बघितलं. “अलीकडची टाकी, असं स्पष्ट दिलंय.”

“गावातले लोक अलीकडे म्हणजे तिकडचं समजतात. पेपर तिकडून निघतो.”

राखणदाराने थोडा विचार केला. “मग आम्ही पलीकडचे का?” तो म्हणाला आणि त्याला ते जरा लागलंच. साहेब बाहेरगावी गेले होते. वर चढलेल्या माणसांना टाकी घासायला सांगितलं होतं, तेवढं ती करत होती. पहाटे पाइप धुऊन निघावेत म्हणून पहिलं पाणी सोडायचंच होतं, ते कुणी सोडायचं ते ठरलेलं होतं. “माझ्या हातात या फाटकाची किल्ली आहे, बाई. पाण्याची नाही.”

त्या बाजूला पेपर टाकणारा माणूस होता, त्याला सगळे घंटी म्हणत. सायकलची घंटी मोडली तरी तो तोंडाने वाजवायचा, म्हणून. तो जेवायला बसला होता. टिंबताईने दारातच उभं राहून सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

“पेपरात तर उलटं आहे, ताई.”

“पेपरात चुकलंय.”

घंटी तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं, टिंबताईच्या तोंडून नाही.

मग तिघं निघाली. जावई एका रांगेत, घंटी दुसऱ्या, ती तिसऱ्या. पहिल्या दारात एक आजोबा चष्मा लावून बाहेर आले. तिने सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आत गेले, पेपर घेऊन आले आणि त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“अलीकडची. हे बघा, छापलंय.”

“हो, पण ते चुकीचं छापलंय. म्हणजे बरोबर छापलंय, पण तुम्ही अलीकडचे आहात.”

“आम्ही पलीकडचे, बाई. आमचा जन्म गेला इथे.” ते दार लावता लावता सुनेला म्हणाले, की हल्ली संध्याकाळचं कुणीही दार वाजवतं.

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढच्या दारीही. एका बाईने ऐकलं आणि मान डोलवली, पण ती मान अशी होती, की हिची कटकट टळावी. एकाने विचारलं, “तुम्ही पाणीखात्यातल्या का?” ती म्हणाली, पेपरातली. “मग पेपरात द्या ना,” तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. रांगेच्या टोकाला घंटी येऊन उभा राहिला. त्याच्या बाजूचीही तीच गत होती. रोज त्याच्या हातातून जो कागद विश्वासाने घेत होते, तोच कागद लोक आता त्याला दाखवत होते.

“माझ्याच्याने होत नाही हे,” तो म्हणाला. “तोंडाला कोण विचारतं, ताई. कागद पाहिजे.”

किराणा दुकानातून तिने मालकांच्या घरी फोन लावला. मालक पन्नाशी उलटलेले, मऊ बोलणारे, कुणाशी वाकडं नको अशा स्वभावाचे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“त्यांच्या कागदात ‘अलीकडच्या’ असंच होतं ना?”

“हो.”

“कागद आहे ना आपल्याकडे?”

“आहे.”

“मग चूक त्यांची, ताई. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. उद्याच्या अंकात खुलासा टाकू.”

“उद्याचा अंक चारला निघतो. पाणी पहाटे येतं. वरातीमागून घोडं काय कामाचं?”

मग ते म्हणाले, “मी छापखान्यात येतो. तुम्ही या.”

टिंबताई मिळेल त्या बसने परत निघाली. पूल लांब होता आणि त्या दिवशी तो संपतच नव्हता. खिडकीतून मागे गिरणीची बाजू दिसत होती, घराघरातले दिवे. प्रत्येक दिव्याखाली कुणीतरी उद्याच्या पाण्याचा विचारही न करता जेवत असेल, असं तिच्या मनात आलं. बाटलीवरची बाळं किती असतील, हे ती मोजायला लागली आणि मग मोजू नये म्हणून डोळे मिटून बसली.

मालक आधीच पोचले होते. मोठं यंत्र चालवणारा माणूस बाहेरगावी राहायचा, त्याला आणणं शक्य नव्हतं. पण मागच्या खोलीत आजोबांच्या वेळचं पायाने चालवायचं छोटं यंत्र होतं, ज्यावर अजून नाव-पत्त्याची कार्डं छापायचे. त्याला लागणारे खिळे जुन्या कप्प्यांत पडलेले होते. मालकांनी एका कागदावर मजकूर लिहून ठेवला होता. ‘आमच्या सुज्ञ वाचकांस कळविण्यात येते की, अनवधानाने निर्माण झालेल्या संभाव्य गैरसमजाच्या अनुषंगाने…’

टिंबताईने वाचलं. “मालक, हे वाचेपर्यंत माणूस पाणी पिऊन मोकळा होईल.”

“मग काय लिहायचं?”

“पाणी पिऊ नका, एवढंच.”

“आणि कारण? हात दाखवून अवलक्षण करायचं का आपण? आजोबांच्या वेळेपासून या पेपराने वेगळा कागद काढून शब्द मागे घेतलेला नाही.”

“मी दारोदार जाऊन आले,” ती म्हणाली. “लोक माझं ऐकत नाहीत. पेपर सांगतो तेच खरं, म्हणतात. पेपर चुकलाय हे पेपरानेच सांगितलं तर ऐकतील. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकणार.”

मालक स्टुलावर बसले. भिंतीवर आजोबांचा फोटो होता, तिकडे त्यांनी बघितलं नाही. जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी बाह्या वर केल्या.

मोठ्या अक्षरांचा कप्पा काढला तर त्यात काही अक्षरं उरलीच नव्हती. ‘ळ’ शोधून सापडेना. म्हणजे ‘सकाळी’ लिहिता येत नव्हतं, ‘सगळ्या’ लिहिता येत नव्हतं. टिंबताईने वडिलांसारखी खिळे लावायची पट्टी डाव्या हातात धरली आणि ज्या अक्षरांचा तुटवडा नाही, त्यांतून वाक्य जुळवायला घेतलं. कागद पहाटे हातात पडायचा होता, म्हणून त्यात ‘उद्या’ नको, ‘आज’. गिरणीकडच्या सर्व घरांनी आज पहाटेचं पहिलं पाणी पिऊ नये. कालच्या पेपरातली सूचना चुकीची आहे.

“चुकीची?” मालक म्हणाले. “अपुरी म्हणू या.”

“अपुरी म्हटलं की लोक उरलेली शोधत बसतील.”

मालकांनी ‘चुकीची’ राहू दिलं. ते यंत्राच्या पायडलवर पाय देत राहिले, ती कागद सरकवत आणि काढत राहिली. पहिलाच कागद तिने उचलून वाचला, मग पुन्हा वाचला, मग मालकांना वाचायला लावला. काना, मात्रा, वेलांटी, टिंब, सगळं जागच्या जागी होतं. पण आता तिचा त्याच्यावर विश्वास बसेना. दुपारचंही सगळं जागच्या जागी होतं. ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली, डोळे मिटले, आपण गिरणीमागच्या घरात आहोत असं समजली आणि परत येऊन तो कागद नव्याने वाचला. तिथूनही त्याचा तोच अर्थ होत होता. तेव्हा कुठे ती म्हणाली, “चालू द्या.”

गठ्ठे घेऊन ती घरी गेली तेव्हा नवऱ्याने ऐकून घेतलं आणि घड्याळाला गजर लावला. “मी येतो,” तो म्हणाला. “तू एकटी गेलीस तर प्रत्येक दार दोनदा वाजवशील.”

पहाटे डेपोतून सुटणाऱ्या पहिल्या बसने ती दोघं पलीकडे उतरली. घंटी सायकल घेऊन थांब्यावरच उभा होता, जावईही आला होता. चौघांनी रांगा वाटून घेतल्या. आता दारं वाजवायची गरज नव्हती. कागद दाराखालून आत सरकवायचा, वर एक थाप मारायची आणि पुढे जायचं. पण टिंबताई थाप मारून थांबायची, आतून पावलं ऐकू आली की मगच हलायची. कालचे आजोबा दार उघडून कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी चष्मा लावून तो दिव्याखाली धरला, वरचं पेपराचं नाव वाचलं, मग मजकूर.

“काल तुम्हीच आला होतात,” ते म्हणाले.

“हो.”

“मग कालच का नाही आणलात हा?” आणि आत वळून त्यांनी सुनेला हाक मारली, नळ बंद कर म्हणून.

पाणी आलं ते तिला आवाजावरून कळलं. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या पाइपात आधी हवा खरखरली, मग घराघरांतून नळांची सूं सूं सुरू झाली. हातात अजून कागद होते. ती पळायला लागली. तिला पळताना बघून एक-दोन दारं आपणहून उघडली. एका अंगणात पाण्याने भरलेली बादली होती आणि एक माणूस त्यात तांब्या बुडवत होता. तिने ओरडून सांगितलं. त्याने कागद वाचला आणि बादली रस्त्यावर ओतून दिली. पाण्याला उग्र वास होता, नाकात चढणारा. तो वास आला तेव्हा तिला पहिल्यांदा बरं वाटलं, की आपण काही उगाच गाव उठवलं नाही. आणि लगेच त्या बरं वाटण्याची तिला भीती वाटली.

उजाडलं तेव्हा सगळ्या रांगा झाल्या होत्या. चौघं गिरणीच्या भिंतीशी येऊन टेकली. घंटीने आपल्या गिऱ्हाइकांची घरं मनातल्या मनात पुन्हा चालून बघितली. एकही राहिलं नव्हतं. ज्यांच्याकडे पेपर येत नाही त्यांच्याकडेही कागद गेला होता.

तेवढ्यात गिरणीच्या मागच्या गल्लीतून एक रिक्षा भरधाव आली. तिच्यात दोन बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या, तिसरी बाहेर वाकून ओकत होती.

“कुठल्या या?” टिंबताईने विचारलं.

घंटीचा चेहरा उतरला. “वसतिगृह,” तो म्हणाला. गिरणीत काम करणाऱ्या, घर लांब असलेल्या बायका तिथे राहायच्या. वसतिगृहाचं दार पलीकडच्या गल्लीत उघडायचं. तिथे पेपर जात नव्हता, कधीच गेला नव्हता. त्यामुळे तो रस्ता त्याच्या डोक्यात नव्हताच. स्वयंपाकाच्या मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखं पाणी भरून चहा टाकला होता. चहाच्या वासात पाण्याचा वास बऱ्याच जणींना कळला नाही. ज्यांना कळला, त्यांनी घोटभर पिऊन ठेवून दिला.

दवाखान्याच्या बाकावर टिंबताई दिवसभर बसून राहिली. नवरा एकदा डेपोत जाऊन आला, एकदा तिला खायला घेऊन आला. तिने ते पिशवीतच ठेवलं. दरवेळी आतलं दार उघडलं की ती उभी राहायची. डॉक्टर बाहेर आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि ते दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला निघून जायचे. एकदा स्वयंपाकाच्या मावशी तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना ही कोण ते माहीत नव्हतं. त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “माझ्या हातचा चहा होता.” टिंबताईने त्यांचा हात धरला. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं, की सूचना माझ्या टेबलावरून गेली. मावशींनी हात काढून घेतला नाही. “मला वाचताच येत नाही,” त्या म्हणाल्या. “बरोबर छापलं असतंत तरी मी चहा केलाच असता.”

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना वसतिगृहावर परत पाठवलं, एकीला सोडून. ती गिरणीच्या फोनवर बसायची. बाहेरून आलेले फोन घ्यायचे आणि ज्याला हवे त्याला जोडून द्यायचे, हे तिचं काम. तिने चहा नाही, उठल्याउठल्या पेलाभर पाणीच घेतलं होतं, झोपेच्या डोळ्यांनी, एका दमात. तिचा घसा आतून सोलवटला होता. जिवाला धोका नव्हता. पण बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि आवाज पूर्ववत होईल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, बघू.

त्या दिवशीच्या चारच्या पेपरात पहिल्या पानावर मालकांनी स्वतःच्या सहीने लिहिलं. सूचना पाणीपुरवठ्याने दिली तशीच छापली. पण कुठे बसून वाचली जाईल याचा विचार करणं आमचं काम होतं, ते आम्ही केलं नाही. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी कानावर हात ठेवले. आमच्या दृष्टीने ती अलीकडचीच टाकी, असं पत्र त्यांनी पाठवलं, आणि तेही छापलं गेलं. गिरणीकडच्या काही घरांनी पेपर बंद केला. घंटी सांगायचा, की बंद करतात आणि शेजाऱ्याकडे जाऊन वाचतात, मेल्या-जगल्याची बातमी दुसरीकडे कुठे मिळायची? तरी काहींनी बंद केला तो केलाच. डेअरीवाला एकदा टिंबताईला म्हणाला, “ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” त्याचा हेतू चांगला होता. तिने पाटीकडे न बघता मान हलवली.

मालकांनी ठरवून टाकलं, की यापुढे अलीकडे-पलीकडे हे शब्द सूचनेत येणार नाहीत. वस्तीचं नाव लिहायचं. वसतिगृहाला एक अंक फुकट सुरू झाला. घंटी तो नुसता टाकून जात नसे. स्वयंपाकघराच्या दारात सायकल टेकवून तो मावशींना खालचा कोपरा वाचून दाखवायचा. त्या हातातलं काम न थांबवता ऐकायच्या आणि म्हणायच्या, “परत एकदा वाच.”

टिंबताईचं काम मात्र अवघड झालं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं ती साध्या लिलावाच्या जाहिरातीलाही चार-चारदा फुंकर घालायची. पान अडकून राहायचं. उंबऱ्याबाहेर जाऊन, डोळे मिटून, दुसऱ्या कुणाच्या घरात आहोत असं समजून ती वाचायची. मालक काही बोलायचे नाहीत. आणि आठवड्यातून दोन-तीनदा, कधी त्याहून जास्त, ती बसने पूल ओलांडून फोनवाल्या मुलीकडे जायची. आधी दवाखान्यात, मग वसतिगृहात. मुलगी पाटीवर लिहून उत्तरं द्यायची. टिंबताई तिच्या घशाकडे बघत बसायची. रात्री झोपेत तिला कुणीतरी बोलायचा प्रयत्न करतंय असं ऐकू यायचं. नवरा उठून पाणी द्यायचा आणि ती ते पेल्यात हुंगून प्यायची.

काही महिन्यांनी ती मुलगी हळूहळू बोलायला लागली. आवाज जाडसर झाला होता, मध्येच चिरायचा. गिरणीने तिला भांडारात बसवलं होतं, फोनवर नाही. टिंबताईचं जाणं-येणं चालूच राहिलं. ती गेली, की मुलगी खाटेखालचं स्टूल ओढून द्यायची, आणि दोघी बसायच्या. एके दिवशी मुलीने स्टूल दिलं नाही. ती उभीच राहिली.

“ताई, एक सांगू? रागावू नका.”

“सांग.”

“आता येत जाऊ नका. तुम्ही आलात, की मला आजारी असल्यासारखं वाटतं.”

टिंबताईच्या हातात पिशवी होती. ती तिने या हातातून त्या हातात घेतली. “मग मला कसं कळणार,” ती म्हणाली, “तू कशी आहेस ते?”

मुलीने थोडा विचार केला. “सोमवारपासून मला परत फोनवर बसवणार आहेत. बघू म्हणाले, जमलं तर ठेवू. तुम्ही फोन करा. मीच उचलेन.”

घरी येऊन टिंबताईने नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. “बरं बोलली ती,” तो म्हणाला आणि दुसरा बूट काढला.

सोमवारी पान लागेपर्यंत तिने फोनकडे बघितलं नाही. यंत्र सुरू झालं, सगळे यंत्राकडे गेले, तेव्हा तिने नंबर फिरवला. पलीकडे फोन वाजत राहिला. मग फोन उचलला गेला.

“नमस्कार, गिरणी.” आवाज थोडा घोगरा होता, पण शब्द न् शब्द कळत होता. मागे कुठेतरी मागांचा खडखडाट चालला होता. “कुणाशी बोलायचंय आपल्याला?”

टिंबताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“मी,” ती म्हणाली. “कुणाशी बोलायचं नव्हतं.”

“बरं, ताई,” मुलगी म्हणाली. “मग ठेवा. दुसरा फोन वाजतोय.”

तिने फोन ठेवला आणि मालकांना गठ्ठे बांधायला हाताशी माणूस लागेल म्हणून यंत्राकडे गेली.